जीआय बिल हातात असताना लॉ स्कूलशी शिष्यवृत्तीची बोलणी कशी करावी

अमेरिकी लष्करात किंवा नौदलात काही वर्षं काढून आता वकिलीकडे वळणाऱ्या माणसाला दोन ठिकाणांहून पैसे मिळू शकतात. एक सरकारचं जीआय बिल, म्हणजे सैनिकी सेवेच्या बदल्यात शिक्षणाचा खर्च उचलणारी योजना, आणि दुसरी लॉ स्कूलने देऊ केलेली शिष्यवृत्ती. घरी बसून हिशेब मांडताना आपण दोन्ही रकमांची बेरीज करतो. मग ऑगस्टमध्ये शाळेचं पहिलं बिल येतं आणि कळतं, की शिष्यवृत्तीचे तीस हजार डॉलर जमा झाले खरे, पण त्यांनी सरकारचा आणि शाळेचाच खर्च वाचवला. विद्यार्थ्याच्या घरभाड्याला त्यातला एक डॉलरही आला नाही.

यात कोणी फसवलेलं नसतं. कायदाच तसा आहे, आणि तो समजून घेऊन वेळेत बोलणी केली तर तोच पैसा विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतो. हा लेख त्यासाठी आहे: स्वतः सैन्यात नोकरी केलेल्यांसाठी, आणि आई-वडील किंवा जोडीदाराकडून हक्क मिळालेल्यांसाठीही. ग्रीन कार्डवर असतानाही अमेरिकी सैन्यात भरती होता येतं, त्यामुळे मराठी घरांनाही हा विषय परका नाही.

आपल्याकडून गेलेल्यांच्या मनात एक अडचण आधीच असते. महाराष्ट्रात सीईटी द्यायची, कॅप फेरीत कॉलेज मिळवायचं आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी भरायची. तिथे कॉलेजशी पैशांवरून बोलायला जागाच नसते, म्हणून अमेरिकेतल्या लॉ स्कूलचं पहिलं पत्र आलं की तोच शेवटचा शब्द वाटतो. तो नसतो. शिष्यवृत्ती वाढवून मागणं तिथे रोजचं आहे, आणि सभ्यपणे मागितल्यामुळे प्रवेश काढून घेतला जात नाही.

पहिली पायरी: आपला हक्क नेमका किती, हे कागदावर आणा

व्हेटरन्स अफेअर्स खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या संकेतस्थळावर अर्ज करून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी मागवा. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी २२-१९९० क्रमांकाचा फॉर्म आहे; आई-वडिलांनी किंवा जोडीदाराने हक्क नावावर केला असेल तर २२-१९९०ई. उत्तर यायला साधारण महिनाभर धरा. या कागदावर दोन गोष्टी पाहायच्या: टक्केवारी, आणि शिल्लक महिने व दिवस.

टक्केवारी ११ सप्टेंबर २००१ पासूनच्या सक्रिय सेवेवर ठरते. एकूण ३६ महिने सेवा झाली असेल तर १०० टक्के. ३० ते ३६ महिन्यांना ९०, २४ ते ३० ला ८०, १८ ते २४ ला ७०, ६ ते १८ ला ६० आणि ९० दिवसांपासून ६ महिन्यांपर्यंत ५० टक्के. पर्पल हार्ट हे युद्धात जखमी झाल्याबद्दलचं पदक मिळालेल्यांना, तसंच सलग ३० दिवस सेवा करून सेवेतल्याच दुखापतीमुळे बाहेर पडावं लागलेल्यांना थेट १०० टक्के मिळतात. पुढचं सगळं गणित या आकड्यावर अवलंबून आहे, म्हणून अंदाजाने धरू नका.

एकूण हक्क ३६ महिन्यांचा. जे.डी. या लॉ स्कूलच्या पदवीची तीन वर्षं म्हणजे सहा सत्रं. सुट्ट्यांचे दिवस मोजले जात नसल्याने त्यात ढोबळमानाने २४ ते २७ महिने जातात. पदवीच्या चार वर्षांत हक्क वापरला असेल तर फारच थोडा उरतो. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली: शेवटचा दिवस सत्राच्या मध्ये आला तर सर्वसाधारणपणे त्या सत्राच्या अखेरपर्यंत लाभ चालू राहतो, म्हणजे सत्र सुरू होताना थोडे दिवस शिल्लक असले तरी ते सत्र निघून जातं. दुसरी: दोन वेगळ्या सेवाकाळांमुळे जुन्या माँटगोमेरी जीआय बिल योजनेलाही पात्र असणाऱ्यांना दोन्ही मिळून ४८ महिन्यांपर्यंत लाभ घेता येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रुडिसिल खटल्यात तसा निकाल दिला. पुन्हा भरती झालेल्या किंवा नोकरीत खंड पडलेल्या कोणीही हे तपासल्याशिवाय 'माझा हक्क संपला' असं म्हणू नये.

१ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर सेवेतून मुक्त झालेल्यांच्या हक्काला मुदत नाही. त्याआधी मुक्त झालेल्यांना १५ वर्षांची मर्यादा आहे.

मुलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर हक्क करायचा तर तो नोकरीत असतानाच करावा लागतो: ६ वर्षं सेवा झालेली हवी आणि आणखी ४ वर्षांची हमी द्यावी लागते. मुलांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंतच तो वापरता येतो, आणि लॉ स्कूल साधारण बाविशी-पंचविशीत सुरू होत असल्याने ही अट नेमकी तिसऱ्या वर्षी आडवी येते. वाढदिवसाची तारीख वेळापत्रकाशी ताडून पाहा.

दुसरी पायरी: व्हीए नेमकं काय भरतं

सरकारी लॉ स्कूल असेल तर १०० टक्के पात्र विद्यार्थ्याची राज्यातल्या रहिवाशांच्या दराने होणारी पूर्ण फी. खासगी असेल तर फीवर देशभरासाठी एकच वार्षिक मर्यादा. २०२५-२६ साठी ती २९,९२०.९५ डॉलर आहे. दर १ ऑगस्टला हा आकडा बदलतो, म्हणून हिशेब करताना त्या वर्षीचा घ्या.

फीशिवाय पुस्तकांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर आणि दरमहा घरभाडे भत्ता. भत्त्याचा दर तुम्ही राहता तिथला नसतो. ज्या कॅम्पसवर बहुतेक वर्ग भरतात तिथल्या पिनकोडनुसार, अवलंबून कुटुंबीय असलेल्या ई-५ हुद्द्याच्या सैनिकाला मिळेल तेवढा असतो. न्यूयॉर्क किंवा बॉस्टनमध्ये तो बराच मोठा होतो. सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर देशाच्या सरासरीच्या निम्माच मिळतो. सत्रांमधल्या सुट्टीत काहीच मिळत नाही, त्यामुळे डिसेंबर, जानेवारी, मे आणि ऑगस्टची रक्कम अर्धीमुर्धी येते. शिवाय पैसे महिना संपल्यावर हातात पडतात. दोन महिन्यांचा खर्च गाठीला ठेवूनच नव्या शहरात जा.

खासगी शाळेची फी मर्यादेपेक्षा खूप जास्त असते. मधला खड्डा भरायला यलो रिबन योजना आहे. शाळा काही रक्कम सोडते आणि व्हीए तेवढीच आपल्या बाजूने घालतं. ही योजना फक्त १०० टक्के पात्र असलेल्यांसाठी आहे. ९० टक्केवाल्याला यातला एक डॉलरही मिळत नाही. किती विद्यार्थ्यांना आणि किती रक्कम द्यायची हे प्रत्येक शाळा ठरवते, आणि विद्यापीठ तेच असलं तरी लॉ स्कूलसाठीचे आकडे वेगळे असतात. व्हीएच्या जीआय बिल कंपॅरिझन टूलमध्ये शाळेच्या नावाखाली ते दिसतात. 'अमर्याद' असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा. जागा पाच असतील तर त्या आधी येणाऱ्याला मिळतात.

आता या लेखाचा गाभा. २०१० च्या अखेरीस अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) केलेल्या आणि १ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार व्हीए फक्त निव्वळ फी भरतं. शाळेने माफ केलेली फी आधी वजा होते. त्याचबरोबर थेट शाळेकडे आलेली आणि केवळ ट्यूशन व फी भरण्यासाठीच म्हणून नेमून दिलेली कोणतीही मदत वजा होते. कर्ज आणि पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान) यातून वगळलेलं आहे. कायद्याचे शब्द नीट पाहा: 'केवळ' फीसाठी. शिष्यवृत्ती शिक्षणाच्या कोणत्याही खर्चासाठी वापरता येईल असं पत्रात असेल, तर ती वजा होत नाही.

तिसरी पायरी: तीन गणितं स्वतः करून पाहा

उदाहरणादाखल धरू, की एका खासगी लॉ स्कूलची फी ७५,००० डॉलर आहे, विद्यार्थिनी १०० टक्के पात्र आहे आणि शाळेचं यलो रिबन अमर्याद आहे.

शिष्यवृत्ती नसेल तर व्हीए २९,९२१ भरेल. उरलेले ४५,०७९ यलो रिबनमधून, म्हणजे शाळा २२,५४० सोडेल आणि व्हीए तेवढेच घालेल. विद्यार्थिनीला फी शून्य.

आता शाळेने ३०,००० ची 'ट्यूशन स्कॉलरशिप' दिली. निव्वळ फी ४५,०००. व्हीए २९,९२१ भरेल, उरलेल्या १५,०७९ पैकी शाळा ७,५४० सोडेल. विद्यार्थिनीला फी पुन्हा शून्य. तिच्या हातात काहीच वाढलं नाही, पण शाळेचे ३०,००० अधिक ७,५४० मिळून ३७,५४० गेले.

तिसरी शक्यता: शाळेने फीला न बांधलेले १५,००० डॉलर दिले. यलो रिबनचे २२,५४० अधिक १५,००० म्हणजे पुन्हा ३७,५४०. शाळेचा खर्च दमडीनेही वाढला नाही आणि विद्यार्थिनीला जेवणखाण, भाडं, वकिलीच्या परवान्याच्या (बार) परीक्षेची तयारी यांसाठी वर्षाला १५,००० मिळाले.

बोलणी करताना हे गणित तुमचं सर्वांत मोठं बळ आहे. तुम्ही शाळेकडे जास्त पैसे मागत नाही, तेच पैसे वेगळ्या खात्यावर टाकायला सांगता. अमर्याद यलो रिबन असलेल्या शाळेत फीला बांधलेल्या शिष्यवृत्तीच्या प्रत्येक डॉलरमागे शाळेचा यलो रिबनचा अर्धा डॉलर वाचतो, म्हणजे ३०,००० च्या बदल्यात मोकळे १५,००० मागणं त्यांना परवडणारं असतं. हे समजलेला अधिकारी पलीकडे असेल तर होकार मिळायला फार वेळ लागत नाही.

१०० टक्क्यांपेक्षा कमी असणाऱ्यांना तर हे आणखी बारकाईने पाहायला हवं. फी ६०,०००, पात्रता ८० टक्के. यलो रिबन नाही. व्हीए मर्यादेच्या ८० टक्के, म्हणजे २३,९३७ भरेल. उरले ३६,०६३. शाळेने ३६,००० दिले तर विद्यार्थ्याला वाटतं, ६३ डॉलरांचा प्रश्न उरला. पण शिष्यवृत्ती फीला बांधलेली असेल तर ती आधी वजा होते: निव्वळ फी २४,०००, त्याच्या ८० टक्के १९,२००, आणि विद्यार्थ्याच्या माथी ४,८०० डॉलर. तीच रक्कम मोकळी असती तर खरोखरच ६३ भरावे लागले असते.

सरकारी लॉ स्कूलचा हिशेब सोपा. १०० टक्के पात्र असाल आणि रहिवासी दर लागू असेल, तर फीची शिष्यवृत्ती तुमच्या काही कामाची नाही. मोकळी रक्कमच मागायची. दुसऱ्या राज्यातून आलात तरी तिथे राहायला गेल्यावर जीआय बिलवाल्यांना रहिवासी दर लावणं सरकारी शाळांवर बंधनकारक आहे. पूर्वी सेवामुक्तीपासून तीन वर्षांच्या आत प्रवेश घेण्याची अट होती, ती आता काढली आहे. हा दर शाळेने लावलाय का, हे बिलावर तपासा. टेक्सासमध्ये हेझलवूड कायद्याखाली सरकारी शाळांत १५० क्रेडिटपर्यंत फी माफ होते. मात्र ती फीमाफी आहे, म्हणून जीआय बिलासोबत एकाच सत्रात वापरण्यापेक्षा हक्क संपल्यानंतरच्या सत्रांसाठी राखून ठेवलेली बरी.

चौथी पायरी: शाळेची बाजू वाचा

अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेली प्रत्येक लॉ स्कूल दर डिसेंबरच्या मध्यावर ५०९ नावाचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात एलसॅटचे (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीएचे (पदवीच्या गुणांची सरासरी) खालचे, मधले आणि वरचे आकडे असतात, किती विद्यार्थ्यांना निम्म्या फीपेक्षा कमी, किती जणांना पूर्ण फी आणि किती जणांना फीपेक्षाही जास्त रक्कम मिळाली हे असतं. हा शेवटचा रकाना नीट पाहा. तिथे शून्य नसेल, तर ही शाळा फीच्या पलीकडची रक्कम देते याचा तो छापील पुरावा आहे.

तुमचा एलसॅट शाळेच्या मधल्या आकड्याच्या वर असेल तर तुमचं वजन जास्त, कारण शाळेला तो आकडा राखायचा असतो. तो खाली असेल तर सैन्यातला अनुभव प्रवेश मिळवून देऊ शकतो, पण पैशांची बोलणी अवघड जातात. अशा वेळी परीक्षा पुन्हा देण्यात घालवलेले दोन महिने कोणत्याही ईमेलपेक्षा जास्त कमावून देतात.

त्याच अहवालात अटींच्या शिष्यवृत्त्यांचा तक्ता असतो: किती जणांना मिळाली आणि पुढच्या वर्षी किती जणांची कमी किंवा बंद झाली. लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात गुण एकमेकांच्या तुलनेत, ठरलेल्या सरासरीभोवती दिले जातात. त्यामुळे '३.० जीपीए राखा' ही अट कॉलेजमध्ये सोपी वाटली तरी इथे वर्गातल्या बऱ्याच जणांना ती राखता येणारच नाही, अशी रचना असू शकते. बोलणी करताना रकमेइतकंच अट काढण्याकडे लक्ष द्या. 'समाधानकारक प्रगती' एवढीच अट असावी.

हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड या तिघी गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त आर्थिक गरजेवर देतात. तिथे दुसऱ्या शाळेचं पत्र दाखवून उपयोग नाही. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा: गरज ठरवताना तुम्ही जीआय बिल आणि घरभाडे भत्ता कसा मोजता? सरकारी विद्यार्थी मदतीच्या हिशेबात माजी सैनिकांचे शिक्षणलाभ धरले जात नाहीत, पण स्वतःच्या पैशांबाबत शाळेचे नियम स्वतःचे असतात.

पाचवी पायरी: बोलणी

अर्ज करताना सैन्यातली सेवा अवश्य लिहा. प्रवेशाच्या दृष्टीने ती जमेची बाजू आहे, आणि अनेक शाळा सैनिकांचं अर्जशुल्कही माफ करतात. जीआय बिलाची टक्केवारी मात्र स्वतःहून सांगण्याची घाई करू नका. आधी गुणवत्तेवरचा आकडा येऊ द्या. थेट विचारलं तर खरं सांगा. याला एकच अपवाद: शाळेच्या यलो रिबनच्या जागा मोजक्या असतील, तर प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच यलो रिबनचा अर्ज टाका. जागा गेली तर कोणतीही बोलणी तेवढी भरपाई करून देत नाहीत.

'अर्ली डिसिजन'ने अर्ज करू नका. त्यात निवड झाली तर तिथेच जाण्याचं वचन असतं आणि बोलण्याची ताकद त्याच क्षणी संपते. जिथे त्या मार्गाने येणाऱ्याला पूर्ण शिष्यवृत्तीची लेखी हमी असते, तेवढाच अपवाद.

ऑफर साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत येतात. बोलायची खरी वेळ फेब्रुवारीच्या मध्यापासून जागा राखण्याचं डिपॉझिट भरण्याच्या तारखेपर्यंत, म्हणजे बहुतेक शाळांत एप्रिलच्या मध्यापर्यंत किंवा मेच्या सुरुवातीपर्यंत. पहिलं डिपॉझिट भरलं की दार बंद झालं असं नाही. मे महिन्यात काही जण दुसरीकडे जातात, त्यांचे पैसे मोकळे होतात, तेव्हा पुन्हा एकदा विचारता येतं.

ईमेल इंग्रजीत दोनशे शब्दांच्या आसपास ठेवा. त्यात काय असावं? आभार, आणि ही शाळा का हवी याचं एक खरं, ठोस कारण. तुलनेच्या दुसऱ्या शाळेचं ऑफर लेटर जोडलेलं. ती शाळा याच पातळीची किंवा वरची असावी, नाहीतर मुद्दा लागू होत नाही. मग वर केलेलं गणित चार ओळींत. त्यानंतर नेमकी मागणी: 'ट्यूशनला बांधलेल्या ३०,००० ऐवजी वर्षाला १५,००० डॉलरची, उपस्थितीच्या एकूण खर्चासाठी (कॉस्ट ऑफ अटेंडन्स, म्हणजे फीसह राहणं-खाणं, पुस्तकं वगैरे) वापरता येणारी शिष्यवृत्ती, तिन्ही वर्षं, जीपीएच्या अटीविना.' शेवटी उत्तराची गरज कधीपर्यंत आहे ती तारीख. धमकीचा सूर नको, आणि नसलेली ऑफर तर मुळीच लिहू नका. शाळा पत्र मागतात.

पलीकडून 'आमच्या सगळ्या शिष्यवृत्त्या फीसाठीच असतात' असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. देणगीदाराने अट घातलेला निधी शाळेला बदलता येत नाही, हे खरं. पण शाळेकडे विनाअट निधीही असतो. विचारा: रक्कम वेगळ्या निधीतून देता येईल का? पुस्तकं, आरोग्य विमा, प्रवास यांसाठी स्टायपेंड देता येईल का? उन्हाळ्यातल्या विनावेतन कामासाठी हमीचं अनुदान मिळेल का? उन्हाळ्यात घरभाडे भत्ता बंद असतो, म्हणून हे अनुदान सैनिक विद्यार्थ्याला इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडतं, आणि शाळाही ते तुलनेने सहज देतात.

करांचंही पाहा. व्हीएचे शिक्षणलाभ करमुक्त आहेत. राहण्या-खाण्यासाठी वापरलेली शिष्यवृत्ती मात्र अमेरिकेत करपात्र उत्पन्न धरली जाते. मोकळे १५,००० घेताना त्यातला काही भाग एप्रिलमध्ये कर म्हणून जाईल हे धरून चला. तरीही फीला बांधलेल्या शून्यापेक्षा ते कितीतरी बरे.

पूर्ण फीची शिष्यवृत्ती मिळाली तर

हा निर्णय सर्वांत कठीण. व्हीए फीचा एक डॉलरही भरत नसलं, तरी घरभाडे भत्ता घेतला की महिने तेवढेच खर्च होतात. महाग वर्षाला जास्त आणि स्वस्त वर्षाला कमी असं होत नाही. भत्ता महिना ३,००० धरला तर नऊ महिन्यांचे २७,००० होतात. कर्ज टाळण्यासाठी ही रक्कम मोठी आहे. पुढे एलएल.एम. किंवा दुसरी पदवी घ्यायचा पक्का विचार नसेल, आणि हक्क मुलांच्या नावावर केलेला नसेल, तर तो वापरून टाकावा असं आमचं मत आहे.

शिल्लक बारा-पंधरा महिनेच असतील तर सत्रं निवडता येतात. एखाद्या सत्रात हक्क वापरायचा नसेल तर शाळेच्या सर्टिफाइंग ऑफिशियलला, म्हणजे व्हीएला नोंदणी कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला, ते सत्र न पाठवायला सांगायचं. पहिलं वर्ष बहुधा बिनकमाईचं असतं, दुसऱ्या उन्हाळ्यात मोठ्या फर्मचा पगार मिळू शकतो, म्हणून हक्क आधी वापरणं बहुतेकांना सोयीचं पडतं. मात्र मधलं सत्र वगळल्यास यलो रिबनची जागा राहील का, हे शाळेकडून लेखी घ्या.

कर्जाने खड्डा भरू असं म्हणणाऱ्यांसाठी: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज मिळणार नाही. लॉसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. त्यामुळे मोकळ्या शिष्यवृत्तीची किंमत आता पूर्वीपेक्षा वाढली आहे.

सेवेतलं अपंगत्व असेल तर आधी हे पाहा

व्हीएने २० टक्के अपंगत्व मान्य केलं असेल आणि त्यामुळे नोकरीत अडथळा येत असेल (अडथळा गंभीर असल्यास १० टक्केही चालतं), तर व्हेटरन रेडिनेस अँड एम्प्लॉयमेंट योजनेचा अर्ज २८-१९०० या फॉर्मवर करा. यात फीवर वरची २९,९२१ ची मर्यादा नाही. पुस्तकं आणि लागणारं साहित्यही मिळतं. जीआय बिलाचा हक्क शिल्लक असेल तर मासिक भत्ता जीआय बिलाच्या दराने घेता येतो, म्हणून तो हक्क शून्यावर येण्याआधी इकडे वळणं शहाणपणाचं. अडचण एकच: लॉ स्कूल तुमच्यासाठी गरजेचं आहे हे समुपदेशकाला पटावं लागतं. 'तुमच्याकडे पदवी आहे, नोकरी मिळू शकते' हे उत्तर अनेकांना मिळतं. आधीच्या कामात अपंगत्व कुठे आड येतं आणि वकिलीत ते का येणार नाही, हे वैद्यकीय कागदांसह लिहून न्या. योजनेवर सही वर्ग सुरू होण्याआधी व्हायला हवी.

जोडीदाराच्या एलएल.एम.साठी

पुण्या-मुंबईच्या लॉ कॉलेजातून पदवी घेतलेली व्यक्ती सैनिकाशी लग्न करून अमेरिकेत आली असेल, तर नावावर केलेला हक्क एक वर्षाच्या एलएल.एम.लाही चालतो. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेकडे जाण्यासाठी परदेशी पदवीधर अनेकदा हा रस्ता घेतात. यलो रिबनच्या यादीत एलएल.एम. धरलं आहे की फक्त जे.डी., हे आधी विचारा. सैनिक अजून सक्रिय सेवेत असेल तर जोडीदाराची फी भरली जाते, घरभाडे भत्ता मिळत नाही.

सहावी पायरी: पत्र, बिल आणि ऑगस्टचा गोंधळ

तोंडी कबुलीवर डिपॉझिट भरू नका. सुधारित ऑफर लेटरमध्ये रक्कम, तीन वर्षांची हमी, अट आणि 'उपस्थितीच्या एकूण खर्चासाठी' असा उपयोग, हे चारही हवंत. 'ट्यूशन स्कॉलरशिप', 'ट्यूशन रेमिशन', 'ट्यूशन वेव्हर' हे शब्द कुठेही राहिले असतील तर बदलून मागा. यलो रिबनची रक्कम दरवर्षी बदलू शकते. पुढच्या वर्षांत तुम्हाला काय लागू राहील, तेही त्याच पत्रात घ्या.

हे पत्र आर्थिक मदत कार्यालयातून निघतं, पण व्हीएला आकडा पाठवणारी व्यक्ती वेगळी असते: सर्टिफाइंग ऑफिशियल. बऱ्याचदा ती मुख्य विद्यापीठाच्या इमारतीत बसते आणि तिने तुमचं पत्र पाहिलेलंच नसतं. तिच्यासमोर असतो फक्त बिलाचा पडदा, आणि त्यावर शिष्यवृत्ती ट्यूशनच्या ओळीत पडलेली असेल तर ती वजा करून पाठवते. म्हणून जुलैमध्ये एकाच ईमेलमध्ये दोघांना घाला, पत्र आणि व्हीएचं सर्टिफिकेट जोडा, आणि विचारा: ही शिष्यवृत्ती निव्वळ फी काढताना वजा होणार का?

अनेक शाळा आधी फी शून्य दाखवून नोंदणी पाठवतात, म्हणजे भत्ता सुरू होतो, आणि विषय बदलण्याची मुदत संपल्यावर खरा आकडा पाठवतात. त्यामुळे व्हीएची रक्कम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येऊ शकते आणि तोवर बिल थकलेलं दिसतं. घाबरू नका. सर्टिफिकेट दिलेल्या विद्यार्थ्याला या उशिरासाठी विलंब शुल्क लावणं, वर्गात किंवा ग्रंथालयात अडवणं कायद्याने मना आहे. शाळेने फीचा आकडा पाठवल्यापासून ९० दिवसांपर्यंत हे संरक्षण असतं.

बाहेरच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या सत्राच्या मध्ये येतात आणि तिथेच घोटाळा होतो. संस्थेने चेकसोबतच्या पत्रात 'ट्यूशनसाठी' लिहिलं, की सर्टिफाइंग ऑफिशियलला दुरुस्ती पाठवावी लागते आणि व्हीए जास्त गेलेले पैसे परत मागतं. संस्थेला चेक पाठवण्याआधीच 'शिक्षणाच्या सर्वसाधारण खर्चासाठी' असं लिहायची विनंती करा. बहुतेकांना त्यात अडचण नसते.

भत्ता चालू ठेवण्यासाठी दर महिन्याला आपण शिकत असल्याची खातरजमा संदेशाने किंवा संकेतस्थळावर करावी लागते. सलग दोन महिने चुकली तर भत्ता थांबतो. मध्येच विषय सोडल्याने अभ्यासाचं प्रमाण निम्म्यावर किंवा खाली आलं तरी तो बंद होतो, आणि आधी दिलेला काही भाग तुमच्याकडून वसूल होतो. विषय सोडायचा विचार आला तर निबंधकाकडे जाण्यापूर्वी सर्टिफाइंग ऑफिशियलला फोन करा.